ग्लोव्हजची दुसरी जोडी

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

वाक्य लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. मी — शेलार गावचा मधू — आणि न सांगितलेली गोष्ट? आमच्या आजानं खाडीत एवढा मोठा खेकडा पाहिला होता की बेट समजून त्यानं त्याच्या नांगीला होडी बांधली, आडवा झाला, आणि सकाळी जाग आली तर होडी मुंब्र्याला! ही गोष्ट मी अख्ख्या भिवंडीला सांगितली आहे. निम्म्या भिवंडीला दोनदा. आई म्हणायची, "मध्या, तुझी जीभ हाय का लूम हाय? लूम तरी लाईट गेली की बंद व्हतो!"

तर असा माणूस. आणि त्याच्या पोटात ही एकच गोष्ट इतकी वर्षं — राहिली. राहिली म्हणजे काय, मी ठेवली.

मी एका ट्रस्टच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. भिवंडीत या कामाला तोटा नाही. लूमच्या चाकात बोटं जातात, धोटा उडून कपाळ फुटतं, गोदामात गठ्ठा पायावर पडतो. मी एवढी बँडेजं गुंडाळली आहेत की ती जोडली तर काशीला जाऊन परत येतील, आणि उरलेल्या तुकड्यात कल्याणच्या खाडीपुलाला एक गाठ मारता येईल.

आणि माझा हात हलका होता, हे मी फुगवून सांगत नाही. कारण हात हलका नव्हताच — गोष्ट हलकी होती. जखमेला चिकटलेलं गॉज ओढताना माणूस किंचाळतो. मी खेकड्याची गोष्ट सुरू करायचो, रंगात आणायचो, आणि खेकड्यानं नांगी उचलली की पेशंट हसायचा. त्याच क्षणाला ओढायचो. कळायचंच नाही. लोक दुसऱ्या दवाखान्यातून टाके घालून यायचे आणि ड्रेसिंगला मात्र माझ्याकडे. रांगेतून हाका — "मधूभाई, आज खेकड़ा कि भैंस?" बारा वर्षं मी त्या दवाखान्याचा राजा होतो.

मग ती आली.

शोभा सिस्टर. वाडा तालुक्यातल्या एका गावातली, कुणब्याची मुलगी, वय असेल पंचवीस-सव्वीस. इथं आईला घेऊन एका खोलीत राहायची. बोलायची कमी. म्हणजे किती कमी? माझ्या गोष्टीतली म्हैस गोठ्यातून निघून पाण्यापर्यंत पोचायची, तेवढ्या वेळात ही दोन शब्द बोलायची, आणि त्यातला एक "हं" असायचा.

मला आधी तिची दया आली. खरंच. हिचं भिवंडीत कसं व्हायचं?

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. डॉक्टरसाहेबांनी ठाण्याहून एक मॅडम बोलावल्या — दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीचा कायदा आणि नीती शिकवायला. अर्धा दिवस, वर समोसे. मॅडम म्हणाल्या, विचारल्याशिवाय रक्त तपासायचं नाही. रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात. कॉटवर लाल खूण नाही, केसपेपरवर शेरा नाही. आणि ते दोन-दोन ग्लोव्हज चढवणं आजपासून बंद. सगळ्यांचं रक्त सारखंच धोक्याचं समजा आणि सगळ्यांना एकच जोडी घाला.

हे ग्लोव्हजचं जरा सांगायला हवं. आमच्याकडे तशी रीतच पडली होती — पेशंट एचआयव्हीचा असला की ड्रेसर ग्लोव्हजवर ग्लोव्हज घालायचा. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही. आणि ही मुकी रीत बोलकी कुणी केली? मीच. मी तिचीही गोष्ट केली होती. "मधूभाईनं दुसरी जोडी चढवली की समजा, आज यमाशी शेकहँड आहे!" रांगेतले कारागीर खदखदून हसायचे. सगळ्यांना पाठ होती ती.

मॅडम शेवटी म्हणाल्या, "पेशंटची गोष्ट ही पेशंटची मालमत्ता. आपण नुसते राखणदार."

मी कसला गप्प बसतोय? "मॅडम, मग गोष्टींचाही सातबारा काढा ना!"

हॉल हसला. मॅडमही हसल्या. "काढा की. पण नाव पेशंटचं लागेल. तुमचं नाही."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पेशंटशी एकांतात बोलायला ईसीजीची जुनी खोली रिकामी केली. टेबल, दोन खुर्च्या, दाराच्या जागी पडदा नाही — दार. तपासणीचे रिपोर्ट टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप. आता किल्ली कुणाकडे? मी सगळ्यांत जुना. मी पुढे सरकलोसुद्धा होतो — अर्धं पाऊल, पण सरकलो होतो. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "मधू, तुझ्या पोटात गोष्ट राहते का रे?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

किल्ली शोभा सिस्टरला मिळाली. तिनं ती लाल दोऱ्यात ओवली आणि गळ्यात घातली.

तुम्हाला कधी कुणाचा हेवा वाटलाय का? म्हणजे नुसता वाटणं नाही — छातीत विंचू पाळल्यासारखा? मला सांगा, त्या किल्लीत होतं काय? पगार वाढला नव्हता. खुर्ची तीच, तीही एका पायानं लंगडी. पण लोक त्या खोलीत जायचे, दार लागायचं, आणि बाहेर यायचे तेव्हा त्यांचे चेहरे वेगळे असायचे. रडलेले असायचे बरेचदा. पण हलके. माझ्याकडे येऊन कुणी असं हलकं झालं होतं? बारा वर्षं मी लोकांना सांगत होतो. मला कुणी काही सांगितलं होतं?

मी मिनिटं मोजायला लागलो. कोण किती वेळ बसलं. शांतीनगरची एक म्हातारी वीस मिनिटं बसली आणि जाताना सिस्टरच्या गालावरून हात फिरवून गेली. त्या म्हातारीची जखम मी दीड महिना धुतली होती! माझ्या गालाला काय काटे होते?

एकदा तर मी कहर केला. पेशंट बनून त्या खोलीत गेलो. दार लावलं, खुर्चीत बसलो, खालच्या आवाजात म्हणालो, "सिस्टर, मला मूळव्याध आहे." साफ खोटं. माझं सगळं ठणठणीत होतं. मला फक्त पाहायचं होतं की दुसऱ्या दिवशी ही बातमी किती जणांना कळते.

सिस्टरनं पूर्ण ऐकून घेतलं. हसली नाही. कुठल्या डॉक्टरांना दाखवायचं ते सांगितलं. आणि म्हणाली, "हे इथंच राहील, मधूदादा."

मी आठ दिवस वाट पाहिली. कुणीतरी चिडवेल, कुणीतरी हसेल, शिपाई तरी विचारेल की बसायला उशी देऊ का. कुणीही नाही. गोष्ट तिथंच राहिली होती. खोटी गोष्ट, पण तिनं खऱ्यासारखी जपली. त्याची मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. एवढा आला की त्या उन्हाळ्यात भिवंडीत जी उष्णता होती तिच्यातली निम्मी माझी होती.

— हे बघा, पुन्हा फुगवायला लागलो. मुद्द्याजवळ आलो की माझं असं होतं.

सुमेर म्हणून एक लूम कारागीर होता. गोरखपूरकडचा, तिशीतला, हडकुळा. लूमच्या दातेरी चाकात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं चेचली होती. टाके घालायच्या आधी सिस्टरनं त्याला खोलीत नेऊन फॉर्म हिंदीत वाचून दाखवला, त्याची सही घेतली, मग रक्त घेतलं. सगळं मॅडमनी शिकवल्याबरहुकूम. नंतर एक दिवसाआड तो माझ्याकडे ड्रेसिंगला यायचा. माझा एक नंबरचा श्रोता! खेकड्याच्या गोष्टीत मीच चुकलो तर तो दुरुस्त करायचा. "नहीं मधूभाई, पिछली बार होड़ी में दो मटके थे."

मग एके दिवशी सिस्टरनं त्याला खोलीत बोलावलं. दार लागलं. मी मोजलं — पस्तीस मिनिटं.

त्यानंतर तो ड्रेसिंगला आला तेव्हा खेकड्यानं नांगी उचलली आणि सुमेर हसला नाही. मी गॉज ओढलं तरी ओरडलाही नाही. नुसता बसला होता. मला काय ते उमगलं. कुणी सांगितलं नाही, कागद पाहिला नाही, दाराला कान लावला नाही. बारा वर्षं माणसांची तोंडं वाचत होतो, तेवढं कळलं मला. अंदाज होता. नुसता अंदाज.

आणि मला काय वाटलं, सांगू? सुमेरबद्दल काहीच वाटलं नाही. मला वाटलं — यानं हे तिला सांगू दिलं. तिच्यासमोर रडला असेल. माझ्यासमोर नाही.

भिवंडीत लाईट गेली की सगळी खटखट एकदम थांबते आणि कानात दडे बसल्यासारखं होतं. तेव्हा लोडशेडिंग रोजचं. आणि लूम थांबले की कारागिरांना सवड, म्हणून लाईट गेली रे गेली की दवाखान्यात रांग लागायची. आत अंधार. मग मी ड्रेसिंगचं टेबल बाहेर व्हरांड्यात घ्यायचो, उजेडात, रांगेच्या तोंडावर. त्या दिवशीही घेतलं होतं. तीस-चाळीस माणसं असतील. यात वाढवून काही नाही.

सुमेरचा नंबर आला. त्याच्या मागे त्याच्याच बिस्सीतले तिघे उभे होते. बिस्सी म्हणजे कारागिरांची खानावळ. सुमेर जेवायचा तिथं आणि वरच्या माळ्यावर झोपायचाही त्यांच्याबरोबरच. त्याच वेळी आतून शोभा सिस्टर ट्रे घेऊन आली. गळ्यात लाल दोरा.

मी ग्लोव्हजची एक जोडी घातली. सिस्टरकडे पाहिलं. आणि दुसरी जोडी उचलली.

सावकाश चढवली. एक-एक बोट. शेवटी मनगटावर चट्‌ करून सोडली.

तोंडानं एक अक्षर नाही. मी — मधू!

रांगेत मागून हलकेच आलं, "अबे... मधूभाई ने दो पहने." बिस्सीतला एकजण अर्धं पाऊल मागे सरकला. सिस्टरच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, आणि त्यावरूनच मला कळलं की माझा अंदाज बरोबर होता.

आणि मला आनंद झाला. हे लिहायलाच मी इतका वेळ घेतला. मला आनंद झाला. बघ, म्हटलं, किल्ली नसली तरी मलाही ठाऊक असतं.

सुमेरनं माझ्या हातांकडे पाहिलं. त्यालाही ती गोष्ट पाठ होती ना, यमाच्या शेकहँडची. पण हात त्यानं मागे घेतला नाही. तसाच टेबलावर ठेवला. मी पट्टी सोडली. जखम चांगली भरत आली होती. गोष्ट त्यानं मागितली नाही, मी सांगितली नाही.

त्याच दिवशी बिस्सीत त्याची थाळी वेगळी झाली. दुसऱ्या दिवशी त्याची वळकटी जिन्यात. तिसऱ्या दिवशी शेठनं लूमवरून उतरवलं. हे मला त्याच बिस्सीतल्या एकानं सांगितलं, आणि वर विचारलं, "मधूभाई, हम लोग को तो कुछ नहीं होगा ना? उसी का गिलास था." मी म्हणालो, नाही होत रे असं. आता म्हणालो. व्हरांड्यात म्हणायचं होतं ते.

चौथ्या दिवशी सुमेर दवाखान्यात आला, खांद्यावर पिशवी घेऊन. ड्रेसिंगला नाही. सिस्टरच्या दारात उभा राहिला. सगळा व्हरांडा ऐकत होता.

"दीदी, आप तो बोली थीं, किसी को नहीं बताएँगी."

ती काय बोलणार? "मी नाही सांगितलं" म्हणाली असती तर सांगण्यासारखं काहीतरी आहे हे भरल्या व्हरांड्यापुढे कबूल झालं असतं. ते माझ्या ग्लोव्हजनं अर्धं केलं होतं, उरलेलं अर्धं ती करणार नव्हती. ती फक्त म्हणाली, "आत या, सुमेर. पट्टी तरी बदलू." तो आत गेला नाही. पिशवी सावरली आणि गेला. कुठं गेला मला ठाऊक नाही. गावी म्हणतात. हाताचे टाके काढायचे राहिले होते.

दुपारी डॉक्टरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब रागानं लाल. म्हणाले, हे फक्त मला आणि सिस्टरला ठाऊक होतं. मग माझ्याकडे वळले. "मधू, खरं बोल. तुला कुणी सांगितलं?"

खरं काय होतं? "कुणीच नाही, साहेब. मी अंदाज केला आणि हिला जळवायला ग्लोव्हज चढवले." बस. एवढंच. एवढं बोलायला किती श्वास लागतो?

मी म्हणालो, "मला कोण सांगणार, साहेब? किल्ली तर सिस्टरकडे असते."

आजाचा खेकडा खोटा, म्हैस खोटी, मूळव्याध खोटी. पण या वाक्यातला एक शब्द काढून दाखवा मला खोटा! मला कोणी सांगणारं नव्हतं. किल्ली सिस्टरकडे असायची. सगळं खरं. माझ्या अख्ख्या आयुष्यात एवढं तोलूनमापून खरं मी कधी बोललो नव्हतो.

सिस्टर म्हणाली, "सर, मी नाही सांगितलं." एकदाच. मग माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो की ती भांडेल, शिव्या देईल, मग मलाही चार बोलता येतील. पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती काहीतरी आठवत होती, तारीख आठवावी तशी. मला तेव्हा वाटलं, घाबरली.

डॉक्टरांनी हात पुढे केला. तिनं डोक्यावरून तो लाल दोरा काढला आणि किल्ली त्यांच्या तळव्यात ठेवली. महिनाअखेरपर्यंत ती वॉर्डात होती. मग नव्हती. तिच्या आईला घेऊन कुठं गेली, मी विचारलं नाही.

किल्ली मला मिळाली असेल असं वाटलं तुम्हाला? नाही. ती डॉक्टरांच्या खिशात गेली. आणि खोलीत येणंच लोकांनी बंद केलं. रक्त तपासायचं म्हटलं की कारागीर बेंचवरून उठून जायचे. जाता जाता माझ्या हातांकडे बघायचे, आज किती जोड्या आहेत ते. मी मात्र ड्रेसर राहिलोच. गोष्टी सांगत राहिलो, लोक हसत राहिले. दुसरी जोडी पुन्हा कधी चढवली नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. गरजच पडली नाही, एवढंच.

चार वर्षांनी ती मला भिवंडीच्या एसटी स्टँडवर भेटली. मी दापोड्याला भाच्याच्या गोदामाच्या पूजेला निघालो होतो. मागून आवाज आला, "मधूदादा, बरे आहात ना?" वळलो तर शोभा सिस्टर. थोडी वाळलेली, हातात कापडी पिशवी. वाड्याची गाडी यायची होती.

आता सांगावं, असं मनात आलं. देवाशपथ आलं. तोंड उघडलं — आणि तोंडातून काय निघालं? म्हैस! भाच्याच्या गोदामात म्हैस शिरली आणि कापडाचे तीन ठाण चावून खाल्ले, आता दूध काढलं की धारेबरोबर सूत येतं... वीस मिनिटं मी ती म्हैस सोडली नाही. सिस्टर हसली. छान हसते ती. मी तिला कधी हसवलंच नव्हतं.

गाडी लागली. ती उठली, दोन पावलं गेली आणि परत वळली.

"मधूदादा, एक विचारू? मी तेव्हापासून आठवतेय. सुमेरचा रिपोर्ट ठेवला त्या दिवशी माझ्याकडून ड्रॉवर उघडा राहिला होता का हो? तुम्ही पाहिला असेल ना — राहिला असेल तर सांगा. म्हणजे मला एकदा कळेल."

तर केबिनमध्ये ती हे आठवत होती. चार वर्षं हेच आठवत होती.

मी म्हणालो, "फार दिवस झाले सिस्टर, मला आठवत नाही." कंडक्टरनं घंटा मारली. ती गेली.

ड्रॉवर बंद होता, सिस्टर. कुलूप लावलेलं होतं, आणि किल्ली तुमच्या गळ्यात होती.